पांझरेने नेलेल्यांची नावं

२१ फेब्रुवारी १८७२ ला मुंबई इलाख्यात शिरगणती झाली. खानदेशची माणसं दहा लाखांच्या थोडी वर भरली. त्यानंतर सात महिने होतात न होतात तोच, सप्टेंबरात, गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्या एकदम फुगल्या. धुळ्यातली ५०० घरं वाहून गेली. समोरच्या काठावरचं एक अख्खं गाव दिसेनासं झालं. १५२ गावांना तडाखा बसला आणि हजारावर लोकांना स्थानिक फंडातून अन्न आणि कपडे द्यावे लागले. सरकारी गॅझेटियरांत हे आकडे आहेत, आणि ते बरेचसे घरांचे, गावांचे आणि रुपयांचे आहेत.

आमच्या घरात हा पूर दोन बायकांचा आहे. खापरपणजोबा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. तांब्या-पितळेची भांडी आणायला ते सोनगीरला गेले होते. परत आले तेव्हा जुन्या धुळ्यातलं घर नव्हतं, आई नव्हती, धाकटी बहीण नव्हती. पुढे कधीतरी ते नाशिकला गेले आणि तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांनी कुळाची नावं लिहवून घेतली. अशा वह्या नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला पिढ्यानपिढ्या जपलेल्या आहेत. जिल्हा, गाव, आडनाव सांगितलं की उपाध्याय नेमकी वही काढतात आणि आपल्या घरातल्या कुणीतरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केलेली नोंद समोर येते. आमच्या नोंदीत आईचं नाव मिळालं. बहिणीचं मात्र नाही. मुलगी लग्नाआधी गेली तर ती ना माहेरच्या वंशावळीत उतरते, ना सासरच्या. ते एक नाव शोधायला मी खानदेशात उतरले, आणि मुद्दाम आखाजीच्या सुमारास उतरले.

पुण्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि गुंजभर सोनं. खानदेशात ती आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पुरुष पत्ते कुटतात, सालदाराचं साल इथं संपतं आणि नवं सुरू होतं. या सगळ्याच्या मधोमध पितर असतात. आपल्याकडे पितरांना भाद्रपदाचा काळोखा पंधरवडा दिलेला. इथं ते भर उन्हाळ्यात, आंब्यांच्या आणि झोक्यांच्या दिवसांत घरी येतात, आणि त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवतात. बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, हा खानदेशचा शिष्टाचार जिवंत माणसांसाठी आहे तसाच गेलेल्यांसाठीही.

जळगावच्या सराफ बाजारात त्या दिवसांत पाऊल ठेवायला जागा नसते. या शहराचं सोनं महाराष्ट्रभर नावाजलेलं. त्याच गर्दीला लागून रस्त्याच्या कडेला कुंभारणी लाल घागरींची चळत मांडून बसतात. घागर, तिच्यावर ठेवायची लहान मातीची केळी आणि शेजारच्या गाडीवर डांगर. डांगर म्हणजे आपलं खरबूज, नद्यांच्या वाळवंटातल्या वाड्यांत पिकलेलं. एका कुंभारणीने बोटाने वाजवून घागर पाहिली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, “औंदा कोणी गेलं का, ताई?” दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्यांसाठी म्हटल्यावर तिला काहीच नवल वाटलं नाही. “मग जुने पितर. त्यांनाबी तहान लागतेच की,” म्हणाली आणि पैसे मोजून घेतले.

जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे. कवयित्री बहिणाबाई इथल्या. जवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मल्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात त्यांच्या तोंडून निघालेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी आणि मावसभावाने उतरवून घेतल्या, म्हणून त्या राहिल्या. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि पुस्तक १९५२ साली आलं. या वाड्यासमोर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा माझ्या शोधाचं स्वरूप नीट कळलं. जे बायकांच्या ओठांवर होतं त्यातलं कुणीतरी टिपून ठेवलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचलं, आणि माझ्या खापरपणजोबांची बहीण कुणी टिपून ठेवली नव्हती.

जळगावातून पश्चिमेला निघालं की बांभोरीच्या पुलावर गिरणा लागते. उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त, आणि वाळूपेक्षा वाळू उपसल्याचे खड्डे जास्त. या नदीने एका रात्रीत गावं नेली असतील यावर पुलावरून जाणाऱ्याचा विश्वास बसू नये, अशी तिची दशा आहे. पण गिरणेचा उगम सह्याद्रीत, नाशिक जिल्ह्याच्या कळवण-सुरगाण्याच्या बाजूला. तिकडे डोंगरावर कोसळलेला पाऊस खानदेशच्या सपाटीवर उतरतो तेव्हा इथं आभाळ कोरडंही असू शकतं. माणसं पाऊस पाहून सावध होतात, आणि पूर येतो तो दुसऱ्याच्या गावच्या पावसाचा. पांझरेचंही तसंच. ती साक्री तालुक्यात पिंपळनेरकडच्या डोंगरात उगवते, पूर्वेला वाहत धुळ्याला येते आणि पुढे उत्तरेला वळून मुडावदला तापीला मिळते. गिरणेवर पांझणला धरण झालं १९६९ साली. पांझरेवर अक्कलपाडा त्याच्याही पुष्कळ नंतरचं. १८७२ च्या सप्टेंबरात वरच्या पाण्याला थांबवणारं काही नव्हतं.

एरंडोलवरून भडगावला गेले. १८७२ मध्ये गिरणेने भडगावचीही शेकडो घरं नेली. गावात फारसं कुणी आता त्या पुराबद्दल सांगत नाही, पण नदीबद्दल सगळेच सांगतात. एका घराच्या ओसरीवर पाणी, मग चहा, मग “जेवूनच जा” असा क्रम झाला. त्यात नाही म्हणायची सोय नाही. पुण्यात पाहुण्याला “चहा घेणार का?” असं विचारतात, खानदेशात विचारत नाहीत, आणतात. पानात कळण्याची भाकरी, शेवेची भाजी, उन्हात वाळवलेले बिबडे तळलेले, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. वाढणाऱ्या आजी पंचाहत्तरीच्या. मी कशासाठी फिरते आहे ते ऐकून त्यांनी भाकरी थापता थापता म्हटलं, “गिरणा माय शे आम्हनी. पन माय रागे भरनी म्हंजे…” आणि वाक्य तसंच सोडून तव्यावरची भाकरी उलटली.

त्यांच्या घरी भाट येत. वर्षा-दोन वर्षांनी यायचे, अंगणात बसायचे, वही उघडून साऱ्या कुळाची नावं सुरात म्हणायचे, नवे जन्म लिहून घ्यायचे आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या गावाला जायचे. “तुमच्या भाटाच्या वहीत बायकांची नावं असतात का?” मी विचारलं. आजींनी सुनेकडे पाहिलं, सुनेने आजींकडे. “मुलगे असतात. सून कोणाची लेक, तेवढं असतं कधी कधी,” सून म्हणाली. ती पदवीधर आहे, तालुक्याच्या शाळेत शिकवते. थोड्या वेळाने ती स्वतःहून म्हणाली, की पुढच्या खेपेला भाट आले तर ती आपल्या दोन्ही मुलींची नावं लिहायला लावणार आहे. मला त्या प्रवासात ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं वाक्य वाटलं.

चाळीसगावात पुराची आठवण काढायला १८७२ पर्यंत जावं लागत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी या नद्यांनी शहर आणि खालची गावं बुडवली, गुरं शेकड्यांनी मेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तिथल्या एका चहावाल्याने टपरीच्या पत्र्यावर पाणी कुठवर आलं होतं ती रेघ दाखवली. खिळ्याने ओरखडून ठेवलेली. बोटाने रेघ दाखवताना त्याचा आवाज बदलला. मेलेल्या गायींची संख्या त्याला पाठ नव्हती, पण स्वतःच्या दोन गायींची नावं त्याने सांगितली.

या रेघेवरून मनात आलं की माणसं बुडाल्याच्या मोठ्या घटनांची आठवण कशी टिकते ते किती वेगवेगळं असतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या बोटीला नाव होतं, मालक कंपनी होती, वर्तमानपत्रं होती, वाचून पोहत आलेली माणसं पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. कोकणातल्या घराघरांत आजही “आमचे अमुक रामदासवर होते” असं ऐकू येतं. नदीच्या पुराला असं नाव नसतं. तो ‘मोठा पूर’ म्हणून ओळखला जातो आणि पुढचा मोठा पूर आला की ते नावही त्याच्याकडे जातं.

चाळीसगावहून धुळ्याला जाणारा रेल्वेचा फाटा १९०० सालचा. खापरपणजोबांनी धुळं सोडलं तेव्हा तो नव्हता; ते बैलगाडीने गेले असणार. आता गाडीतून दिसतात त्या कपाशी उपटून झालेल्या काळ्या रानांच्या पट्ट्या आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. या पऱ्हाट्यांवर हिवाळ्यात भरताची वांगी भाजतात. उन्हाळ्यात त्या नुसत्या वाट पाहत पडलेल्या असतात.

धुळं पाहताना नव्या माणसाला गंमत वाटते ती गल्ल्यांची. गल्ली नंबर एक, दोन, तीन, चार अशा सरळ रेषेतल्या, नंबर पडलेल्या. पेशवाई बुडाल्यावर इथं आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास ठाणं वसवलं, व्यापाऱ्यांना बोलावून जागा दिल्या आणि आखून पेठ उभी केली. जुनं धुळं, मोगलाई आणि नदीपलीकडचं देवपूर ही त्याच्या आखणीबाहेरची, आधीची वस्ती. आमचं घर जुन्या धुळ्यातलं, म्हणजे नदीला लागून. आखलेल्या गावात राहणारे आणि नदीच्या काठी राहणारे अशी दोन माणसं एकाच शहरात होती, आणि १८७२ मध्ये पाण्याने आधी कुणाचं दार ठोठावलं असेल ते सांगायला नको.

राजवाडे संशोधन मंडळात एक दुपार गेली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले. मंडळ स्थापन झालं १९२७ साली. या माणसाने गावोगाव हिंडून माळ्यावरची, आढ्याला बांधलेली, वाळवी लागलेली दप्तरं मिळवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनं’ खंडामागून खंड छापली. खानदेशाला जुन्या कागदांची चाड आहे ती इथली. याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा संग्रह उभा केला.

तिथं एक मोडीचे जाणकार भेटले. सध्या त्यांना उसंत नाही. २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हापासून मोडी वाचता येणाऱ्या माणसाला जिल्ह्याजिल्ह्यांत मागणी आली. गाव नमुना १४, म्हणजे गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते जिथं जिथं तग धरून आहे तिथं तिथं लोक पणजोबांची नावं धुंडाळताहेत. दाखल्यासाठी का होईना, तरुण मुलं पहिल्यांदा आपल्या पाचव्या पिढीचं नाव उच्चारताहेत. मला हे चांगलं वाटतं. “पण ताई, सगळे बापाकडूनच वर जातात,” ते जाणकार म्हणाले. “आईकडून वर जाणारी तुम्ही पहिलीच.” कागद चाळून झाले. त्या मुलीचं नाव त्यांत नव्हतं.

संध्याकाळी मोठ्या पुलावर गेले. पांझरा पात्रात एका बाजूला पातळ पाण्याचा पट्टा, बाकी गवत, खडक, गाळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथंच पाणी पुलांवरून गेलं. कठड्याला टेकून उभे असलेले एक आप्पा वरच्या अंगाच्या गावचे निघाले. त्यांची जमीन फडातली. पांझरेवर लहान लहान बंधारे घालून शेतकऱ्यांनीच पाणी वाटून घ्यायची ही फड पद्धत काही शतकं चालत आली आहे. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात भुसार, पाळी कुणाची, हे सगळं गावकी ठरवते, आणि पाटकरी, जागले, हवालदार ते पाळायला लावतात. आप्पा म्हणाले, या नदीचं पाणी कुणाचं किती ते आमच्याकडे लिहिलेलं नव्हतं, तरी कधी भांडण फार पुढे गेलं नाही. मी म्हटलं, मग नदीने कुणाकुणाला नेलं तेही कुणीतरी तोंडपाठ ठेवलं असेल. आप्पांनी खूप वेळ विचार केला. “ते घरच्या बायांना विचारा,” म्हणाले.

आखाजीच्या दिवशी देवपुरात चुलत काकूंकडे होते. एकवीरा देवीच्या देवळाकडे पहाटेपासून वर्दळ. काकूंनी चुलीवर उलटं खापर ठेवलेलं. त्यावर पुरणाचा मांडा टाकायचा म्हणजे आधी तो दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत झुलवत मोठा करायचा, आणि ते काम त्या साठीतही कुणाला देत नाहीत. पाटावर पाण्याने भरलेली लाल घागर, तिच्यावर केळी, केळीवर डांगर आणि दोन आंबे, भोवती सुताचा धागा. रस, मांडे, कुरडया, भजी, सगळं एकेक घास काढून विस्तवावर आगारी टाकली. पितर म्हणून शेजारचे एक आबा जेवायला बोलावले होते.

मग काकू कुंकवाची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसल्या. इथली रीत अशी की पूर्वजांपैकी एकेकाचं नाव घ्यायचं आणि एकेक कुंकवाचं बोट उंबऱ्यावर ओढायचं. काका, आजेसासरे, सासूबाई, दीर. प्रत्येक नावाला बोट. मी त्यांना खापरपणजोबांच्या आईचं नाव सांगितलं, नाशिकच्या वहीतून आणलेलं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं, नीट उच्चारलं आणि बोट ओढलं. काकूंची सून मोबाइलवर ते नाव लिहून घेत होती, पुढच्या वर्षी विसरायला नको म्हणून.

“आणि तिची लेक?” काकूंनी विचारलं.

नाव मिळालं नाही म्हटल्यावर त्या थांबल्या नाहीत. “लेक म्हणून ओढते,” म्हणाल्या, आणि आईच्या बोटाला लागूनच एक आखूड बोट ओढलं. मग सुनेला सांगितलं की गल्लीतल्या कोणत्याही एका पोरीला जेवायला घेऊन ये, कुमारिका होती ना ती. सून गेली आणि एका ऐवजी तीन पोरी आल्या, झोक्यावरून उतरून, धापा टाकत, आंब्याचे हात झालेल्या.

शास्त्रातही याची सोय आहे. पाण्याने किंवा अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात. देह मिळालाच नाही तर पळसाचे ३६० देठ मांडून पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात, त्याला पालाशविधी म्हणतात. खापरपणजोबांनी ते केलं होतं की नाही ते घरात कुणी बोललं नाही. पण भटजी, पळस, मंत्र यांच्याशिवाय एका बाईने उंबऱ्यावर आखूड बोट ओढून त्या पोरीला घरात घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते मला पुरेसं वाटलं. खानदेशातल्या बायका हे कित्येक आखाज्या करत आल्या आहेत. गॅझेटियरमध्ये जे उतरलं नाही ते उंबऱ्यावर दर वर्षी उतरतं, पुसलं जातं आणि पुन्हा काढलं जातं.

दुसऱ्या दिवशी मुडावदला गेले. पांझरेने जे नेलं ते शेवटी इथं तापीत आलं असणार. संगमावर कपिलेश्वराचं जुनं देऊळ आहे, उंच काठावर. तापीचे काठ खोल कापलेले. खालच्या पाण्यावरून वर बघितलं तर गाव दिसतच नाही. पारावर चार-पाच म्हातारे होते. धुळ्याहून आले, पुरात गेलेल्यांचा शोध घेते आहे असं सांगितल्यावर एकाने लगेच विषय काढला तो तुळईचा. गावातल्या एका जुन्या घराला सागवानी तुळई आहे. ती पुरात वाहत आलेली, असं त्याच्या आजाने त्याला सांगितलं होतं. “धुळानी शे ती. पांझरामा उनी.”

“नही भो,” दुसऱ्याने हात उडवला. “ती तापीमाईनी आणेल शे, चोपडाकडली. धुळाना सागले असं कोरीव काम नही ऱ्हास.”

तिसऱ्याचं म्हणणं की तुळई वाहून आलेलीच नाही, विकत घेतलेली आहे आणि हिशेबही आहे. मग सगळेच उठले आणि आम्ही त्या घरी गेलो. मालकीणबाईंनी दिवा वर धरला. तुळईवर कोरलेली वेल होती, मधोमध एक कमळ, आणि एका टोकाला लाकूड दगडावर घासल्यासारखं झिजलेलं. पहिला म्हातारा त्या झिजेवर बोट ठेवून बोलायला लागला, दुसरा म्हणाला ती गाडीवरून ओढून आणताना झाली, तिसरा हिशेबाची वही कुणाकडे आहे ते आठवू लागला. मालकीणबाई म्हणाल्या, आधी सगळे खाली बसा, चहा ठेवलाय.